शंभरचा प्लॅन, दोनशेचा पिंग

तक्रार ताईच्या घरातली. घर नागपुरात, त्रिमूर्ती नगरात. तळमजल्याचं, जुन्या धर्तीचं: पुढे हॉल, मधे लहानसं अंगण, अंगणापलीकडे मागची खोली. त्या खोलीत पूर्वी भाऊजींचे वडील असायचे, आता भाचा असतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री व्हॅलोरंट नावाचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीखालच्या कपाटावर नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. संध्याकाळी कोणी बाहेर पडत नाही आणि सगळ्यांना नेट एकाच वेळी लागतं.

"मामा, साडेसातला टीव्हीवर क्रिकेटची मॅच लागली की माझा गेम संपला समजा," भाचा म्हणाला. "पिंग पंचवीसवरून दोनशेवर जाऊन राहिला. मी आडोशाला गेलेलो असतो, तरी गोळी लागते." पिंग म्हणजे पाठवलेला निरोप पोहोचून उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

भाऊजींचं म्हणणं वेगळं. टीव्ही तर एकदाही गोल-गोल फिरत नाही, चित्र आरशासारखं दिसतं. मग नेट खराब कसं? खराबी गेममध्येच असणार, आणि तो बंद केला तर सेमिस्टरलाही बरं.

मी नेटवर्कच्याच धंद्यात आहे, त्यामुळे रविवारी जेवायला बोलावलं की काय वाढून ठेवलंय ते मला कळतं. या वेळी मात्र प्रकरण बऱ्यापैकी गुंतलेलं निघालं. घरात एकावर एक तीन भानगडी होत्या आणि तिघींचं लक्षण एकच होतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधीचे उपाय पटकन सांगतो. एप्रिलमध्ये ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट) प्लॅन १०० चा केला. दोन दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. नेटवाल्याचा माणूस आला, डबा बंद-चालू केला, डब्याशेजारी उभा राहून फोनवर स्पीडटेस्ट केली, ९७ आला, "स्पीड तर पूर्ण आहे सर" म्हणून गेला. त्याचं चुकलं नव्हतं, स्पीड पूर्णच होता. भाच्याने कुठलासा व्हिडिओ पाहून डीएनएस बदलला. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देण्याचं. मॅच सुरू झाल्यावर त्याला कोणी विचारतही नाही. शिवाय एका 'गेमिंग व्हीपीएन'चे, म्हणजे डेटा आपल्या सर्व्हरवरून फिरवून नेणाऱ्या सेवेचे, महिन्याचे पैसे भरले होते. गेमचा सर्व्हर मुंबईत. नागपूर ते मुंबई रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटर, म्हणजे ८ मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे. वाटेतली वळणं आणि यंत्रं धरून निवांत वेळी २५ येत होते. यात व्हीपीएन काय वाचवणार? उलट एक जास्तीचा थांबा.

माझी पद्धत साधी आहे. लॅपटॉपवर कमांड द्यायच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत घरातल्या राउटरला, म्हणजे त्या फायबरच्या डब्यालाच पिंग, पत्ता १९२.१६८.१.१; दुसरीत बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला. बहुतेक जण फक्त बाहेरचा पिंग बघतात आणि मग घरातलं पाप नेटवाल्याच्या माथी मारतात किंवा त्याचं घरावर घेतात. पहिली खिडकी बिघडली तर दोष घरात. पहिली ठीक आणि दुसरी बिघडली तर दोष डब्यात किंवा डब्यापुढे. या एका चाचणीने निम्मी भांडणं मिटतात.

रविवारी दुपारी, टीव्ही बंद असताना, मागच्या खोलीत बसून पहिली खिडकी बघितली. राउटर वीस पावलांवर, तिथपर्यंत जाऊन यायला वायफायवर २-३ मिलिसेकंद पुरतात. इथे ४, ७, ५, ६२, ९, ११० असं चाललं होतं. म्हणजे पहिली भानगड घरातच.

ती सापडली कूलरमध्ये.

नागपूरच्या घरात मार्च सरताना एक कार्यक्रम असतो. गच्चीवरून कूलर खाली येतो, टाकी घासली जाते, नव्या ताट्या लागतात, आणि तो लोखंडी स्टँडवर चढून खिडकीत बसतो. ताईकडचा हॉलच्या अंगणाकडच्या खिडकीत बसतो. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. भिंती नऊ इंची विटांच्या. डब्यापासून भाच्याच्या टेबलापर्यंत वायफायला सोपी वाट एकच: हॉलची खिडकी, अंगण, मागच्या खोलीची खिडकी. पावसाळा-हिवाळा वायफाय त्या वाटेने सुखाने जात होतं. एप्रिलमध्ये त्या वाटेत पत्र्याची पेटी आली, पोटात पन्नास-साठ लिटर पाणी, तीन बाजूंनी भिजलेल्या ताट्या. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो, पाणी त्या गिळतं. वायफाय अडवायला मुद्दाम काही बनवायचं ठरवलं असतं तरी याहून सरस जमलं नसतं.

फोनवरच्या ॲपमध्ये सिग्नल उणे ७४ डीबीएम दिसत होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. कूलर बंद करून, टाकी रिकामी करून, आम्ही दोघांनी तो स्टँडवर हातभर बाजूला ओढला. उणे ६१. डीबीएमच्या हिशेबात दर ३ ला शक्ती दुप्पट होते, म्हणजे १३ चा फरक वीसपट झाला. आणखी मोजायचं होतं, पण ताई आली. "दुपारी दोन वाजता कूलर काढून राहिले? उन्हानं डोकं फिरलं का दोघांचं?" कूलर परत जागेवर गेला. तो तिथेच राहणार हे त्या क्षणी ठरलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, तोंडावर असताना नेटसाठी कूलर हलवणारा माणूस नागपूरचा नसतोच.

उणे ७४ ला नेट तुटत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण कॉम्प्युटर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सोडून २.४ च्या पट्ट्यावर उतरतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्या तिघांत आजूबाजूची चौदा वायफाय दाटलेली मला दिसली. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. ज्याला नीट ऐकू येत नाही तो हळू बोलतो, तेच तेच पुन्हा सांगतो, आणि तेवढा वेळ बाकीचे तोंड मिटून बसतात. गेमला लागणारा डेटा चिमूटभर असतो, पण त्याला वेळेवर बोलायला मिळालं पाहिजे.

इलाज तार. रविवारी दुकानं कमी उघडी असतात, तरी बर्डीच्या बाजारात कॅट-सिक्सची, म्हणजे नेटवर्कची, वीस मीटर तार मिळाली. बाहेरच्या जाड आवरणाची घ्या, हे आवर्जून सांगतो. घरातली राखाडी तार अंगणातून ओढली तर इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तिची सालं निघतात. भिंतीच्या कडेने पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून ती मागच्या खोलीत नेली. टोकाला जॅक बसवायचं काम भाच्याला दिलं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा नखाने सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, जॅकमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या आणि मग क्रिम्पर दाबायचा. पहिल्या खेपेला लिंक आली ती १०० एमबीपीएसची, हजाराची आली नाही. निळ्या जोडीतली एक तार जॅकच्या तळाशी पोहोचली नव्हती. १०० ची लिंक केशरी आणि हिरव्या जोडीवरच चालते, म्हणून दिवा लागतो आणि माणूस फसतो. प्लॅन १०० चा आहे, चालून गेलं असतं. पण मला झोप आली नसती. जॅक कापून दुसरा बसवला.

राउटरपर्यंतचा पिंग आता १ च्या आत. दुपारी चारला भाचा दोन मॅच खेळला, दोन्ही जिंकला आणि मामा म्हणजे देवमाणूस असं घरभर सांगत फिरला. साडेसातला टीव्हीवर मॅच लागली. सात चाळीसला मागच्या खोलीतून हाक आली, "मामा, पुन्हा एकशेऐंशी!"

पहिली खिडकी बघितली. राउटर १ च्या आत, गप्प. दुसरी खिडकी नाचत होती. म्हणजे कूलर दोषी होताच, पण एकटा नव्हता. खरं प्रकरण इथून सुरू झालं.

नेहमीचा पिंग सेकंदाला एकच जातो. तेवढ्यात रोग दिसत नाही. मी सेकंदाला पाच सोडले आणि आकडे फाईलमध्ये ओतले. जे निघालं त्यातला एक तुकडा: २४, २५, २४, २६, २४, १३१, १८७, १४२, २५, २४, २४. मग पंधरा-सोळा आकडे शांत, पुन्हा तीन उंच. आलेख काढला तर करवतीचे दाते. दर चार सेकंदांनी एक दाता, अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

हे दाते टीव्हीचे होते. टीव्हीवरचा व्हिडिओ नळासारखा सतत वाहत येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. टीव्ही एक तुकडा मागवतो, तो लाईन देईल तितक्या वेगाने ओरपतो, मग थोडा वेळ स्वस्थ बसतो. मॅचचा हाय-क्वालिटी प्रवाह सरासरी १५ एमबीपीएस धरा. चार सेकंदांचा तुकडा ६० मेगाबिटचा झाला. १०० च्या लाईनवर तो ०.६ सेकंदात उतरतो. पिंगच्या तीन आकड्यांना नेमके ०.६ सेकंद लागतात. हिशेब असा जुळला की मला मनातून बरं वाटतं.

प्लॅन वाढवूनही काही झालं नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ५० च्या लाईनवर तोच तुकडा १.२ सेकंद घ्यायचा, १०० वर ०.६ घेतो. दाता अरुंद झाला, म्हणून दोन दिवस बरं वाटलं. गेला नाही, कारण टीव्ही त्या ०.६ सेकंदात पूर्ण लाईन व्यापतोच. प्लॅन ३०० चा केला असता तर दाता आणखी बारीक होऊन तसाच राहिला असता. सरासरी बघाल तर शंभरातले पंधराच वापरले जाताहेत, पंच्याऐंशी मोकळे. म्हणूनच कोणाला टीव्हीचा संशय येत नाही.

पण लाईन अर्धा सेकंद भरली तर गेमला १८० मिलिसेकंद उशीर का? कारण रांग. मुंबईहून माल लाईनच्या क्षमतेपेक्षा वेगाने येऊन आदळतो. नेटवाल्याच्या यंत्रात जिथे तुमचा १०० चा दाब लावलेला असतो, तिथे तो तात्पुरता साठतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. बफर दोन मेगाबाइटचा असेल तर १६ मेगाबिट झाले (एका बाइटमध्ये आठ बिट), १०० च्या वेगाने रिकामे व्हायला १६० मिलिसेकंद. गेमचं एवढंसं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, त्या ढिगाच्या शेपटाला येऊन उभं राहतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाची स्थिती हिशेबात घेतो. १६० मिलिसेकंद म्हणजे वीस स्थिती एकदम शिळ्या. तेवढ्यात समोरचा कोपरा वळून, नेम धरून, गोळी मारून मोकळा होतो.

टीव्हीला यातलं काही जाणवत नाही. त्याच्याकडे पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. १६० मिलिसेकंद उशीर झाला काय, सेकंदभर झाला काय, भाऊजींचा फलंदाज चौकार मारतोच. त्यामुळे भाऊजी म्हणत होते ते खरं होतं आणि भाचा म्हणत होता तेही.

दहाला दहा मिनिटं कमी असताना आलेख एकाएकी बदलला. दाते बुजले आणि २९० ते ३२० च्या दरम्यान सपाट पठार सुरू झालं. टीव्ही बंद करायला लावला, पठार तसंच. नेटवाल्याच्या डब्यावर कोण किती वापरतंय हे दिसत नाही, म्हणून जुना उपाय केला: एकेकाचा फोन एअरप्लेन मोडवर. भाऊजींचा, काही नाही. भाच्याचा, काही नाही. ताईचा फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता. तो एअरप्लेनवर टाकला आणि पुढच्याच सेकंदाला २४.

एप्रिलमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न झालं होतं. ताईने हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं स्वतःच्या फोनवर टिपलं होतं. बॅकअपची सेटिंग 'फक्त वायफायवर, फक्त चार्जिंगला असताना'. रोज रात्री ताई फोन चार्जिंगला लावायची आणि हळदीचे व्हिडिओ वर चढू लागायचे. अपलोडची लाईन या प्लॅनला ४० चीच, आणि ती फोन पूर्ण खाऊन टाकत होता. बाहेर जाणारी रांग घरातल्या डब्यात साठते. दीड मेगाबाइट साठले की ४० च्या वेगाने ३०० मिलिसेकंद. गेमचं बटण दाबल्याची खबर त्या वरातीमागे उभी.

आकार बघून रोग ओळखता येतो, हे मला नव्याने पटलं. दाते दिसले तर कोणीतरी व्हिडिओ बघतोय. पठार दिसलं तर मोठं अपलोड किंवा डाउनलोड. आणि नुसते कसेही उडालेले ठिपके, तेही राउटरच्याच पिंगमध्ये, तर वायफाय.

जेवताना मी हे भाऊजींना समजावत होतो तेव्हा त्यांनीच मला थांबवलं. "म्हणजे तर्री-पोह्याच्या ठेल्यासारखं झालं हे. सकाळी ऑफिसवाला एक माणूस पन्नास प्लेटी पार्सल सांगतो. मागे मी, एका प्लेटीसाठी, उभा. ठेलेवाला पन्नास पूर्ण करूनच माझ्याकडे बघतो." मी विचारलं, तुमचा ठेलेवाला काय करतो? "आपला हुशार आहे. पार्सल भरता भरता मधे एकेकाला प्लेट देत जातो. पार्सलवाल्याला फरकही पडत नाही."

इतकं सरळ मला सांगता आलं नसतं. नेटवर्कच्या जगात ही गोष्ट उमगायला बराच काळ गेला. प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०१० मध्ये आपल्या घरच्या कनेक्शनवरच हा घोळ पकडला आणि त्याला बफरब्लोट नाव मिळालं, म्हणजे बफरला आलेली सूज. मेमरी स्वस्त झाली तसे यंत्रं बनवणारे बफर फुगवत गेले. पाकीट टाकून देणं वाईट, साठवणं चांगलं, एवढाच विचार. पण डेटा पाठवणारा टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोहोचवणारी नियमावली) १९८८ मध्ये संशोधक व्हॅन जेकबसन यांनी घालून दिलेल्या रीतीने पाकीट हरवलं की समजतो, रस्ता भरला, सावकाश जावं. बफर मोठा झाला की ही बातमीच उशिरा पोहोचते, तोवर तो ढकलत राहतो. २०१२ मध्ये जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी कोडेल नावाची युक्ती मांडली: रांग किती लांब आहे हे बघू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ उभं राहायची सवय लागली की एखादं टाकून द्या, पाठवणारा शुद्धीवर येतो. त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली की भाऊजींचा ठेलेवाला तयार. एफक्यू-कोडेल आणि त्यापुढची केक या त्याच वळणाच्या रीती, फुकट मिळणाऱ्या.

अडचण एवढीच की नेटवाल्याच्या डब्यात यातलं काही नव्हतं. माझ्याकडे एक जुना राउटर पडून होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं. तो डब्याच्या मागे लावला आणि नेटवाल्याला फोन करून डबा ब्रिज मोडवर करून घेतला, म्हणजे डब्याने नेट नुसतं पुढे द्यायचं, राउटरचं काम करायचं नाही. त्याला तीन फोन लागले, पण झालं. न केलं तर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि गेममधल्या व्हॉइस चॅटला कधीकधी त्रास होतो.

आता त्या राउटरवर केक सुरू करून डाउनलोडला ९० आणि अपलोडला ३६ ची मर्यादा घातली. हे ऐकल्यावर माणसं बिचकतात: आपणच आपला स्पीड कमी करायचा? कारण असं की खरी रांग नेटवाल्याच्या यंत्रात लागते आणि तिथे आपला हात पोहोचत नाही. आपण लाईनपेक्षा किंचित कमी वेगाचं तोंड घरात बसवलं की रांग तिथून उठून आपल्या राउटरमध्ये येते. आणि आपल्या राउटरमध्ये ठेलेवाला हुशार आहे.

लावलं, आणि काहीच फरक पडला नाही. दाते जसेच्या तसे. अर्धा तास मी आकडे खालीवर करत बसलो. मग लक्षात आलं की त्या राउटरवर फ्लो ऑफलोडिंग चालू होतं, मीच कधीतरी स्पीड जास्त यावा म्हणून केलेलं. त्याने पाकिटं रांगेच्या कारभाराला बगल देऊन मागच्या दाराने जातात. ते बंद केलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण हा अर्धा तास पुन्हा जाणार हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर मॅच, ताईचा फोन चार्जिंगवर, भाऊजींच्या फोनवर बातम्या, सगळं मुद्दाम एकाच वेळी लावलं. पिंग २६ ते ३३. एकदा ४१ दिसला. आलेखावर दात्यांच्या जागी बारीक सुरकुत्या.

भाऊजींनी लगेच स्पीडटेस्ट केली. "८९! पैसे शंभरचे भरतो आपण." मी म्हटलं, तुमच्या टीव्हीला पंधरा लागतात. "ते ठीक आहे, पण शंभरचे भरतो ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. शेवटी ताईने निकाल दिला: तुमचा टीव्ही अडकला तर बोला.

भाच्याची मागणी वेगळी. त्याने राउटरच्या खोक्यावर वाचलं होतं की एखाद्या मशीनला सर्वांत वरचा मान देता येतो. "मामा, माझ्या पीसीला टॉप प्रायॉरिटी द्या ना." नाही दिली. एक तर गरज उरली नव्हती. गेमचा प्रवाह बारीक असतो आणि असे बारीक प्रवाह या रीतीत आपोआप पुढे निघतात. दुसरं, मान मशीनला दिला की त्या मशीनवरच्या सगळ्याला मिळतो. त्याच्या गेमचं वीस-तीस जीबीचं अपडेट आलं तर तेही वरच्या मानाने उतरलं असतं आणि ऐन मॅचमध्ये भाऊजींचं चित्र धूसर झालं असतं. घरात अशा भांडणाला मी तोंड फोडणार नाही. राउटरच्या सेटिंगमधून नाती सांभाळता येत नाहीत, बिघडवता मात्र येतात.

टीव्हीचं चित्र ७२० च्या कमी दर्जावर बांधून टाकावं, असंही त्याने सुचवून पाहिलं. तेही नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हाताबाहेर राहिली. आयपीएलच्या फायनलच्या रात्री नऊनंतर पुन्हा दाते आले, आधीपेक्षा बुटके, ८०-९० पर्यंतचे. राउटर ठीक, केक ठीक. स्पीड तपासला तर लाईनच ७६ ची झाली होती. त्या रात्री सगळा परिसर एकच मॅच बघत होता आणि परिसराला येणारी मोठी लाईन भरली होती. लाईन ७६ ची आणि माझी मर्यादा ९० ची, म्हणजे रांग पुन्हा बाहेर गेली. मर्यादा ७० वर आणली, दाते गेले. लाईनचा अंदाज घेऊन मर्यादा आपोआप खालीवर करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, पण मी टाकली नाही. ती बिघडली तर बघणारं घरात कोणी नाही, आणि वर्षातून दोन-चार रात्रींसाठी रोजचं दुखणं कशाला? आकडा बदलायचा कुठे ते भाच्याला दाखवून ठेवलं.

निघताना एक कागद लिहून टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज ९० आणि ३६. मोठ्या मॅचला ७०. लाईट जाऊन आली तर आधी डबा चालू, दोन मिनिटांनी राउटर. मागच्या खोलीची तार निळ्या टेपवाली, उपटू नये.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याखाली ताईच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती: कूलरमध्ये पाणी सकाळीच भरून ठेवणे.